‘जाणत होता का?’ : रमन राघव, त्याच्यावरचा चित्रपट आणि कलम ८४

चित्रपट संपून बराच वेळ झाला तरी अमृता सुभाषचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ‘रमन राघव २.०’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना कोणता प्रसंग ते सांगायला नको. कित्येक वर्षांनी भाऊ दारात उभा राहतो. बहीण त्याला ओळखते, आणि ओळखते म्हणूनच तिचे पाय लटपटतात. घरात नवरा आहे, लहान मुलगा आहे. भाऊ आवाज चढवत नाही, घाई करत नाही. घरच्या माणसासारखा बसतो. अनुराग कश्यप यांनी या चित्रपटात प्रत्यक्ष घाव फारसे दाखवलेले नाहीत. रस्त्यावरून फरफटत येणाऱ्या लोखंडाचा आवाज ऐकू येतो, दार बंद होतं, आणि उरलेलं आपण मनात पाहतो. म्हणूनच तो इतका अंगावर येतो.

चित्रपट २०१६ चा. नवाजुद्दीन सिद्दिकी यांचा रमन्ना आणि विकी कौशल यांचा पोलीस अधिकारी राघवन, अशी दोन माणसं. दोघांची नावं जोडली की शीर्षक तयार होतं. सुरुवातीलाच पडद्यावर सांगितलं जातं की साठच्या दशकात मुंबईत रमन राघव नावाचा खुनी होऊन गेला, पण हा चित्रपट त्याच्याबद्दल नाही. हे प्रामाणिक विधान आहे. अडचण एवढीच की ते फार जणांच्या लक्षात राहत नाही. चित्रपट पाहून आलेल्या माणसाच्या डोक्यात खरा रमन राघव म्हणजे नवाजुद्दीनच असतो : चलाख, बोलका, स्वतःच्या कृत्यांचं तत्त्वज्ञान सांगणारा.

खऱ्या रमन राघवच्या खटल्यात न्यायालयापुढे जो प्रश्न होता, तो अशा चलाख माणसाबाबत पडतच नाही. तो प्रश्न म्हणजे : या माणसाला आपण काय करतोय ते कळत होतं का? आणि कळत होतं म्हणजे नेमकं काय कळत होतं? भारतीय फौजदारी कायद्यातला हा सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक. नेहमी ‘वेडा ठरला की सुटला’ अशा एका वाक्यात तो उडवून लावला जातो. तो तसा नाही. म्हणून तो जमेल तितक्या साध्या भाषेत मांडतो.

आधी घडलं काय

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुन्या जीआयपी (म्हणजे आजच्या मध्य) रेल्वेमार्गाच्या बाजूने, रात्री झोपलेल्या माणसांवर हल्ले होऊ लागले. हल्ला झालेल्या १९ जणांपैकी ९ जण दगावले. त्या काळात त्या भागात भटकताना एक माणूस पोलिसांना सापडला होता. चोरी-दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगलेला, पोलिसांच्या दप्तरात नाव असलेला. पण खुनांशी त्याला जोडणारा पुरावा हाती नव्हता, तेव्हा त्याला सोडावं लागलं. १९६८ मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. पद्धत तीच. रात्रीची वेळ, झोपलेला माणूस आणि डोक्यात जड, बोथट वस्तूचा घाव.

मेलेले लोक कोण होते हे इथे थांबून सांगायला हवं. फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणारे. ज्यांच्या घराला दारच नव्हतं, किंवा असलं तरी त्याला कडी नव्हती. त्यांनी कोणाचं काही केलेलं नव्हतं. रमन राघवशी त्यांची ओळखही नव्हती. दिवसभर राबून उघड्यावर झोपणं एवढंच त्यांच्याकडून घडलं होतं. या कथेवर जेव्हा जेव्हा लिहिलं जातं, चित्रपट काढला जातो, तेव्हा ही माणसं पार्श्वभूमीला जातात. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं आज कोणालाही आठवणार नाहीत.

तपासाची सूत्रं मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून एका माणसाला रस्त्यात ओळखलं आणि ताब्यात घेतलं. हाच तो आधी सोडलेला माणूस, रमन राघव. सिंधी दलवाई, तळवई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी त्याची आणखी कितीतरी नावं. त्याच्याजवळ काय सापडलं ते वाचलं की मी दर वेळी थबकतो : एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि काही आकडेमोड केलेले दोन कागद. अंगावरच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. म्हणजे हा माणूस अख्खा संसार खिशात घेऊन फिरत होता.

चौकशीत तो बराच काळ तोंड उघडेना. शेवटी त्याने मागितलेलं कोंबडीचं जेवण त्याला दिलं, आणि मग तो बोलू लागला. हा किस्सा इतक्यांदा सांगितला गेला आहे की तोच या प्रकरणाचा चेहरा झाला. मग त्याने पोलिसांना सोबत नेऊन लपवलेली हत्यारं दाखवली आणि खुनांची कबुली दिली. त्याने ४१ खून केले असं म्हटलं जातं, तो आकडा त्या कबुलीतून आला.

इथे कायद्यातली एक गोष्ट समजून घेतलेली बरी. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५व्या कलमाने ते दार बंद केलं होतं. मारहाणीने वदवून घेतलेल्या कबुल्यांना आळा बसावा हा हेतू. अपवाद २७व्या कलमाचा. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर तेवढ्या वस्तूपुरतं त्याचं सांगणं ग्राह्य धरता येतं. म्हणून त्याने काढून दिलेल्या हत्यारांना महत्त्व. आणि म्हणूनच ‘४१ खून करणारा’ हे वर्णन करताना जपून राहायला हवं. तो त्याने सांगितलेला आकडा आहे, न्यायालयात एकेक करून सिद्ध झालेला नाही. चित्रपटातला रमन्ना आपल्या पायाने चौकीत येऊन खून कबूल करतो आणि पोलीस त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. लेखकांनी वास्तवाची अशी उलटापालट बरीच केली आहे, आणि ती त्यांच्या कथेला शोभतेही.

कलम ८४ काय म्हणतं

भारतीय दंड संहितेचं कलम ८४, १८६० पासूनचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम २२ आहे. आशय बदललेला नाही. सोपं करून सांगायचं तर : कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्या माणसाला आपल्या कृत्याचं स्वरूपच कळू शकत नव्हतं, किंवा आपण करतो ते चुकीचं वा कायद्याविरुद्ध आहे हे कळू शकत नव्हतं, त्याने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही.

यातला प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. ‘कृत्य करतेवेळी’ म्हणजे नेमक्या त्या वेळी. त्याच्या दहा वर्षं आधी मनोरुग्णालयात होता किंवा खटल्यात भ्रमिष्टासारखा वागला, एवढ्याने भागत नाही. ते पुराव्यातले धागे असतात, उत्तर नसतं. ‘मनोविकलतेमुळे’ म्हणजे राग, दारू, सूड, दारिद्र्य यांमुळे नव्हे. आणि मग ती दोन दारं.

पहिलं दार : कृत्याचं स्वरूप. समजा एखाद्याला समोर माणूस दिसतच नाही. आपण साप ठेचतोय असं त्याला खरोखर वाटतं. त्याला आपण माणूस मारतोय हेच ठाऊक नाही. हे दार क्वचितच उघडतं, कारण आजारी माणसालासुद्धा माणूस हा माणूसच दिसतो.

दुसरं दार जास्त गुंतागुंतीचं. समोर माणूस आहे हे कळतं, घाव घातला की तो मरेल हेही कळतं. पण हे करणं आपलं कर्तव्य आहे, वरून तशी आज्ञा आहे, न केलं तर अनर्थ होईल, अशी त्याची आजारातून आलेली अढळ खात्री असते. त्याच्या लेखी त्यात वाईट काही नसतंच.

‘कळतं पण वळत नाही’ असं आपण सहज म्हणतो. कलम ८४ फक्त कळण्याचा विचार करतं, वळण्याचा नाही. आपण करतो ते वाईट आहे हे पक्कं ठाऊक होतं पण हात आवरला नाही, असं म्हणणाऱ्याला या कलमाचा आधार नाही. मनोविकारतज्ज्ञांची या कलमाविषयीची मोठी तक्रार हीच आहे, कारण मनाचा आजार नुसती समज बिघडवतो असं नाही; भावना आणि इच्छाशक्तीवरही तो हल्ला करतो. म्हणून वैद्यकीय वेड आणि कायदेशीर वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांच्या दृष्टीने गंभीर आजारी असलेला माणूस न्यायालयाच्या दृष्टीने पूर्ण जबाबदार ठरू शकतो, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तसंच होतं.

सिद्ध कोणी करायचं? प्रत्येक माणूस शहाणा आहे असं कायदा धरून चालतो. नव्हता, हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर. पण सरकारी पक्षाला जसा संशयातीत पुरावा लागतो तसा त्याला लागत नाही. ‘बहुधा तसंच असावं’ इथपर्यंत त्याने न्यायाधीशांना आणलं तरी पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात हे नीट समजावून सांगितलं आणि एक पाऊल पुढेही टाकलं. आरोपी तेवढंही सिद्ध करू शकला नाही, पण त्याने आणलेल्या पुराव्यामुळे त्याच्या हेतूविषयीच वाजवी संशय निर्माण झाला, तरी त्या संशयाचा फायदा त्याला मिळेल. कारण हेतू सिद्ध करण्याचं ओझं सरकारी पक्षावरून कधीच उतरत नाही.

या सगळ्याचं मूळ लंडनमध्ये आहे. जानेवारी १८४३ मध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना पाठीत गोळी घातली. सत्ताधारी टोरी पक्ष आपल्या मागावर आहे, आपल्याला कुठेच जगू देत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. ज्यूरीने त्याला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. देशभर संताप उसळला, राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना प्रश्न विचारून त्यांच्याकडून नियम मागून घेतले. त्या उत्तरांचा ठसा आपल्या दंड संहितेवर उमटला. म्हणजे आपण आजही वापरतो ती कसोटी एका लोकक्षोभानंतर, आणि मानसोपचार हे शास्त्र अजून पुरतं उभं राहिलेलं नसताना तयार झालेली आहे. मॅक्नॉटन स्वतः तुरुंगाबाहेर मोकळा फिरला असंही नाही. उरलेलं सगळं आयुष्य त्याने मनोरुग्णांसाठीच्या बंदिस्त संस्थांमध्ये काढलं.

‘वेडा ठरला की सुटला’ हे आपल्याकडेही खरं नाही. कलम ८४ खाली निर्दोष ठरलेल्या माणसाला न्यायालय दार उघडून घरी पाठवत नाही. कृत्य त्याच्या हातून घडल्याचं निकालात नोंदवलं जातं आणि त्याला सुरक्षित ताब्यात, सहसा मनोरुग्णालयात, ठेवण्याचा आदेश निघतो. तो स्वतःला वा इतरांना धोका नाही याची खात्री पटेपर्यंत, किंवा जबाबदार नातेवाइकाने हमी देईपर्यंत, सुटका नाही. काही जणांच्या बाबतीत हा ताबा शिक्षेपेक्षा लांबतो.

दोन डॉक्टर, एक माणूस

आता रमन राघवच्या खटल्याकडे. २ जून १९६९ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयात तो सुरू झाला. बचावाच्या वकिलांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी मांडल्या. एक, हा माणूस आज स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाही. दोन, खून केले तेव्हाही त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. हे दोन मुद्दे एकच वाटतात, पण कायद्यात त्यांची घरं निराळी आहेत. पहिला आजचा, खटला चालवता येईल की नाही याचा. दुसरा त्या रात्रीचा, म्हणजे कलम ८४ चा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर खटला थांबतो, माणसावर उपचार होतात, आणि तो सावरला तर खटला पुढे चालतो. त्यात दोषी-निर्दोष काहीच ठरत नाही.

न्यायालयाने त्याला पोलीस सर्जनकडे पाठवलं. २८ जून ते २३ जुलै असं जवळजवळ महिनाभर निरीक्षण झालं. अहवाल आला : स्मरणशक्ती चांगली, बुद्धी सर्वसाधारण, आपल्या कृत्यांचं स्वरूप आणि हेतू त्याला कळतो, खटल्यात काय चाललंय तेही कळतं, त्याला वेडा ठरवता येणार नाही. खटला पुढे सरकला. आरोपीने गुन्हा कबूल केला.

मग बचाव पक्षातर्फे नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञांची साक्ष झाली. ते त्याला आर्थर रोड तुरुंगात पाच वेळा भेटले होते. त्यांचं मत अगदी उलट : याला दीर्घकाळचा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, आणि म्हणून आपली कृत्यं कायद्याविरुद्ध आहेत हे याला समजू शकत नव्हतं.

एकाच माणसाविषयी दोन डॉक्टर असं कसं बोलू शकतात? माझ्या मते या लेखातली सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, एका अंगात दोन माणसं, हा चित्रपटांनी पसरवलेला गैरसमज आहे. या आजारात माणसाचं वास्तवाशी असलेलं नातं तुटतं. नसलेले आवाज ऐकू येतात, किंवा एखादी खोटी समजूत इतकी घट्ट बसते की कोणत्याही पुराव्याने ती हलत नाही. पॅरानॉइड प्रकारात या समजुती बहुतेकदा छळाच्या असतात : कोणीतरी माझ्या मागावर आहे, माझ्याविरुद्ध कट शिजतोय. पण त्या समजुतीच्या बाहेर त्याचं डोकं व्यवस्थित चालू शकतं. तो तारीख सांगतो, हिशेब करतो, रस्ता चुकत नाही, हत्यार लपवून ठेवतो. गणितातली प्रत्येक पायरी बरोबर, पण पहिलं गृहीतकच चुकीचं, असं काहीसं. तुम्ही पायऱ्या तपासल्या तर तो शहाणा दिसेल. स्मरणशक्ती आणि बुद्धी तपासून गृहीतकाचा पत्ता लागत नाही. त्यासाठी त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीत कोणी ना कोणी असणार. त्यातले बहुतेक जण आयुष्यात कधीही कोणावर हात उगारत नाहीत. उलट इतरांकडून छळ त्यांचाच जास्त होतो. रमन राघवचं नाव या आजाराशी जोडताना हे सांगितलं नाही तर औषधं घेऊन निमूट संसार करणाऱ्या असंख्य माणसांवर आपण अन्याय करतो. ते मला अजिबात करायचं नाही.

सत्र न्यायालयाने त्याला दोषी धरून फाशी सुनावली. त्याने अपील करायला नकार दिला.

प्रकरण इथेच संपलं असतं. पण आपल्या कायद्यात एक अट आहे : सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नाही, मग आरोपी अपील करो वा न करो. ज्याला स्वतःला वाचवण्याची इच्छा नाही, किंवा ती इच्छा असण्याइतकं भान नाही, त्याच्यासाठीही कोणीतरी कागद पुन्हा उघडतोच. ही अट लिहिणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मुंबई उच्च न्यायालयाने फाशी कायम करण्याआधी तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. ते त्याला पाच वेळा भेटले, दर वेळी सुमारे दोन तास. त्यांच्यापुढे जे बाहेर आलं ते असं. जगं दोन आहेत, एक ‘कानून’चं आणि एक हे. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत. लोक आपलं पुरुषत्व काढून घेऊन आपल्याला बाई करू पाहतात, पण त्यांना ते जमत नाही. आपण १०१ टक्के पुरुष आहोत, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राही. देशात तीन सरकारं आहेत : अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं. तिन्ही आपला छळ करतात. सरकारनेच आपल्याला मुंबईत आणलं आणि चोऱ्या करायला लावल्या. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर त्याने हात मिळवला नाही. ‘कानून’चा माणूस या दुष्ट जगातल्या लोकांना शिवत नाही, असं त्याचं म्हणणं.

मॅक्नॉटनच्या मागे टोरी पक्ष होता, याच्या मागे तीन सरकारं. सव्वाशे वर्षांचं अंतर, दोन वेगळे देश, आणि आजाराने रचलेली गोष्ट जवळजवळ तीच.

कलम ८४ विचारतं, आपलं कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे याला कळत होतं का. आणि समोर बसलेला माणूस सांगतोय की मी स्वतःच कायद्याचा प्रतिनिधी आहे. मग या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? दुसरी बाजूही तितकीच जड आहे. तो रात्रीच बाहेर पडत होता, झोपलेल्यांनाच मारत होता, हत्यारं लपवत होता, अनेक नावांनी वावरत होता. पकडलं जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्याला, आपण करतो ते लोकांच्या कायद्यात बसत नाही, एवढं तरी ठाऊक असणारच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मी अनेकदा विचार केला, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत असतो तर काय ठरवलं असतं ते मला सांगता येत नाही.

शेवटी १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण त्याचा आजार बरा होणारा नाही असा निष्कर्ष निघाला होता. नीट पाहा : तो निर्दोष ठरला नाही. कलम ८४ लागू झालं असतं तर गुन्हाच उरला नसता. इथे गुन्हा राहिला, शिक्षा बदलली. मनाचा आजार कायद्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणी भेटतो असं म्हणता येईल : कृत्याच्या क्षणी, खटल्याच्या काळात आणि शिक्षेच्या वेळी. रमन राघवला आधार मिळाला तो तिसऱ्या ठिकाणी.

हे तिसरं ठिकाण कायद्याच्या पुस्तकात अलीकडे जास्त स्पष्ट झालं आहे. ज्याला आपल्याला फाशी का देतायत हेच समजत नाही, त्याला फासावर चढवून न्याय कसला होतो, हा त्यामागचा प्रश्न. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशी रद्द करून जन्मठेप देण्याचं एक कारण असू शकतं असं सांगितलं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणात, त्याचं नाव गुप्त ठेवून ‘आरोपी एक्स’ एवढाच उल्लेख करत, शिक्षा झाल्यानंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजाराचा विचार करून त्याची फाशी रद्द केली आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली.

पुन्हा चित्रपटाकडे

आता नवाजुद्दीनचा रमन्ना आठवा. तोही स्वतःला देवाचा सीसीटीव्ही म्हणवतो. पण त्याचं बोलणं ऐका. मी धर्माच्या आडून मारत नाही, वर्दीच्या आडून मारत नाही, मारायचं म्हणून मारतो, असं तो राघवनला ऐकवतो. आपण काय करतोय, जग त्याला काय म्हणतं आणि इतरांचं ढोंग कुठे आहे, हे सगळं त्याला स्वच्छ ठाऊक आहे. कलम ८४ ची दोन्ही दारं त्याच्यासाठी बंद. त्याचा वकील पाच मिनिटंही टिकणार नाही.

राघवनच्या हातूनही माणसं मरतात. नशेत असतो, घाबरलेला असतो, पण कळत त्यालाही असतं. चित्रपटाला म्हणायचंय ते हेच की एकाला आपण राक्षस म्हणतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर पट्ट्या लावतो. हा विचार दमदार आहे आणि विकी कौशल यांनी तो जीव तोडून उभा केला आहे. मात्र त्यासाठी रमन्नाला पूर्ण भानावर असलेला माणूस करावं लागलं. खऱ्या माणसाकडे हे भान होतं की नाही यावरच तर सगळा वाद होता. उदबत्तीचं घर आणि लसूण घेऊन फिरणारा, अकबराच्या सरकारला भिणारा माणूस या कथेत मावत नाही. अंगावर काटा आणणारा खलनायक त्यातून होत नाही. त्याच्याकडे पाहताना भीती, चीड आणि कीव एकदम दाटून येते, आणि त्याने मारलेल्यांची आठवण ठेवली की ती कीवही घशात अडकते.

याच्या आधी श्रीराम राघवन यांनी ‘रमन राघव’ केला होता, १९९१ मध्ये. रघुवीर यादव यांनी त्यात खुनी रंगवला. तो थिएटरात लागलेला चित्रपट नव्हे. लांबी कमी, माहितीपट आणि नाट्य यांच्या मधला बाज. त्यात रमन राघव फार बोलत नाही, आणि तपास, शहर, भीती यांना जागा मिळते. तो तयार झाला तेव्हा खरा रमन राघव पुण्यात येरवडा तुरुंगात होता, आणि त्याच्या मनाच्या आजारावर उपचार चालू होते. पुढे १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला.

दोन्ही पाहणार असाल तर १९९१ चा आधी पाहा. नवाजुद्दीन यांचा चेहरा एकदा डोक्यात बसला की रघुवीर यादव यांच्या त्या गप्प, हरवलेल्या नजरेला जागा उरत नाही.